खिंडीपर्यंतची पावलं

पट्टी जेमतेम एक वीत रुंद होती. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिचं तापमान दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा चार दशांश अंशांनी जास्त होतं. पडद्यावर हा फरक फिकट पिवळा दिसत होता, काळ्यानिळ्या उतारावर कुणी हळदीचं बोट ओढावं तसा. पट्टी धनवडीच्या पाणवठ्यापासून निघत होती, कारवीच्या रानातून वळणं घेत चढत होती आणि पाखरखिंडीत पोचून थांबत होती.

सगुणा ढेबे चहाचा कप घेऊन पडद्यासमोर उभी होती. तिने कप दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय हळूच साडीच्या घोळात ओढून घेतला.

"मावशी, ही वाट मेलेली नाही," ऋजुता करंदीकर म्हणाली. "गाव म्हणतं पंचवीस वर्षं बंद आहे. पण हिच्यावरून माणूस जातं."

ऋजुता पुण्याहून आली होती. मातीचा अभ्यास करणारी, कमी बोलणारी मुलगी. तीन आठवडे ती धनवडीच्या बंद पडलेल्या शाळेत मुक्काम ठोकून होती आणि सगुणा तिच्याबरोबर पोलादी सळई घेऊन डोंगर हिंडत होती. सळई जमिनीत रोवायची, किती जोर लागला तो आकडा वाचायचा, ऋजुताला ओरडून सांगायचा. सगुणाला हे काम आवडलं होतं. आकडा कुणाची भीड ठेवत नाही, असं ती एकदा म्हणाली होती आणि ऋजुताने ते वहीत लिहून घेतलं होतं.

"रानडुकरांची असंल," सगुणा म्हणाली.

"डुकरं एका पायाने लंगडत नाहीत." ऋजुताने पट्टीचा एक तुकडा मोठा केला. पिवळी रेघ सुटी होऊन ठिपक्यांची रांग झाली. "दोन पावलांत चोपन्न सेंटीमीटर अंतर. उजवं पाऊल डाव्यापेक्षा हलकं पडतं. गुडघा दुखत असावा."

सगुणाने चहा संपवला. थंड झाला होता.

मागोवा नावाच्या या यंत्राचं तत्त्व साधं होतं. मोकळ्या मातीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पाय पडला की त्या पोकळ्या दबतात. दबलेल्या मातीतून जमिनीच्या पोटातली ऊब वर यायला सोपं जातं, म्हणून पहाटेच्या गारठ्यात वाट तिच्या शेजारच्या जमिनीपेक्षा किंचित उबदार राहते. चिमणीएवढी उडती यंत्रं झाडांच्या शेंड्यांखालून फिरत ही ऊब मोजत. पुढे गांडुळं आणि मुळं दबलेली माती पुन्हा पोखरून मोकळी करतात. त्यांचा वेग ठाऊक असल्यामुळे वाट किती वर्षं चालती होती आणि शेवटचा पाय कधी पडला, याचाही हिशेब मांडता येत असे.

या यंत्राने दहा वर्षांत सह्याद्रीचा नकाशा बदलला होता. साल्हेरपासून थेट चंदगडच्या रानापर्यंत जाणारी बाराशे किलोमीटरची सह्यवाट कुणी आखली नव्हती. कुण्या वाडीची पाण्याची वाट होती, तिच्या टोकाला दुसऱ्या वाडीची बाजाराची वाट लागत होती, पुढे गुरांची, पुढे देवाची. जो तो आपल्यापुरता चालला होता, शेजारच्या गावापर्यंत. मागोव्याने फक्त ही टोकं शोधली आणि माणसांनी ती झाडून साफ केली. जिथे वाट आली तिथे वाड्यांमधली कुलपं निघाली. चालणारे येत, राहत, जेवत, पुढच्या वाडीचा निरोप घेऊन जात.

आता सगळ्या वाटेत एकच खाच उरली होती. धनवडी ते कुंभेरी. मध्ये वेळूची दरी आणि पाखरखिंड, चालत नऊ किलोमीटर. चालणारे धनवडीत येऊन थांबत आणि जीपने अठ्ठ्याहत्तर किलोमीटरचा वळसा घालून कुंभेरीला जात. खाच बुजवायला दोन्ही वाड्यांची संमती लागत होती. कुंभेरीने कळवलं होतं, धनवडी हो म्हणेल तर आम्ही हो. धनवडीचा 'नाही' एकाच माणसाचा होता, पण त्या माणसापुढे वाडी बोलत नसे. तो माणूस म्हणजे कोंडिबा ढेबे, सगुणाचा नवरा.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढे वाडी जमली. ऋजुताने देवळाच्या भिंतीवर पांढरी चादर लावून नकाशा दाखवला. पिवळी रेघ दिसताच कुजबुज झाली.

"मी म्हनलं न्हवतं?" कोंडिबा उठून उभा राहिला. उंच, वाळलेला, बोलताना हात मागे बांधायची सवय. "कुंभेरीची मानसं चोरून आमच्या हद्दीत येत्यात."

"नाही काका." ऋजुताने दुसरा नकाशा लावला. "गेल्या वर्षी अश्विनात आम्ही सलग बारा दिवस यंत्रं उडवली होती. हे बघा, सव्वीस ऑक्टोबर. धनवडीकडून एक माणूस खिंडीपर्यंत गेलं आणि परत आलं. सत्तावीसला कुणी नाही. अठ्ठावीस ऑक्टोबरला कुंभेरीकडून एक माणूस खिंडीपर्यंत आलं आणि परत गेलं. दोघांनीही खिंड ओलांडलेली नाही."

"दोघं?" दुकानदार बापू आखाडे हसला. "दोन दिवसांनी चुकामूक? असला कसला वायदा म्हनायचा!"

बायकांत हसू फुटलं. कोंडिबा हसला नाही.

"दरवर्षी एकदाच," ऋजुता पुढे म्हणाली. "कमीत कमी वीस वर्षं. त्याआधीचं माती नीट सांगत नाही. कुंभेरीकडचं माणूस चढताना जड असतं, उतरताना हलकं. दगड वाहून नेतं. त्या बाजूच्या पायऱ्या पावसात ढासळतात आणि दरवर्षी पुन्हा बसवलेल्या दिसतात."

कोंडिबाने मागे बांधलेले हात सोडले.

"कुंभेरीची बाजू कोन तरी दुरुस्त करतंय? वीस वर्षं?"

"हो."

"मंग त्या साली का न्हाई केली?" त्याचा आवाज चिरकला. "त्या एका साली का न्हाई? नावं सांगा बाई. आमच्यातला कोन जातो आन् त्यांच्यातला कोन?"

"नावं मातीत नसतात काका. आणि ठसा कुणाचा हे सांगायची आम्हाला बंदी आहे."

बंदी खरी होती. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात मागोव्याच्या नकाशावरून एक लग्न मोडलं होतं, दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्याचा जपून ठेवलेला झरा उघडा पडला होता. तेव्हापासून नियम होता की वाट गावाची, पाऊल ज्याचं त्याचं. गावाने विचारलं तरी पाऊल सांगायचं नाही.

"नका सांगू," कोंडिबा म्हणाला. "मी धरीन. खिंडीत बसून ऱ्हाईन पन धरीन. आन् त्यो घावल्याबिगर माजा अंगठा मिळनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगुणा आणि ऋजुता पाणवठ्याच्या वरच्या अंगाला सळई रोवत होत्या. बराच वेळ नुसते आकडेच बोलले गेले.

"मावशी," ऋजुता शेवटी म्हणाली, "तुम्ही तीन आठवडे माझ्यापुढे चालताय. मला पावलं वाचता येतात." ती सळईच्या टोकाची माती पुसत होती, वर बघत नव्हती. "तुम्ही म्हणालात तर धनवडीकडचा ठसा मी पुसून टाकते. तो तुमचा हक्क आहे, कायद्यात आहे. मग ही वाट नकाशावर उरणार नाही आणि सह्यवाट जीपनेच जाईल. काही बिघडत नाही. बाराशे किलोमीटर चाललेल्या माणसाला दोन तास बसायला मिळालं तर तो दुवाच देईल."

सगुणा खडकावर बसली. गुडघा चोळला.

"त्यो दुसरा. त्याचं पाऊल केवढं?"

"अडुसष्ट. मोठा माणूस आहे. टाच आधी टेकवतो."

"आन् अठ्ठावीस तारखेला. नक्की?"

"नक्की."

गेल्या वर्षीची सव्वीस तारीख म्हणजे अश्विन वद्य तृतीया, हे सगुणाला कॅलेंडर न बघता ठाऊक होतं. अठ्ठावीस म्हणजे पंचमी. तिने मनातल्या मनात दोनदा मोजलं. टाच आधी टेकवत चालणारा, पंचमीला खिंडीत येणारा, दगड वाहणारा मोठा माणूस. तिचा भाऊ. बिरूदादा.

पंचवीस वर्षांपूर्वी ही वाट दोन्ही वाड्यांची होती. पाऊस सरला की दोन्हीकडची माणसं आपापली बाजू साफ करत, ढासळलेल्या पायऱ्या बसवत वर चढत आणि खिंडीत एकमेकांना भेटत. तिथे दोघांनी दगडांच्या ढिगावर एकेक दगड ठेवायचा, एकत्र जेवायचं, उतरायचं. याला वाट काढणं म्हणत. दिवस दरसाल पावसाप्रमाणे ठरे आणि तो दिवस कळवायला धनवडीहून कुंभेरीला दोरी जाई. जितके दिवस उरले तितक्या गाठी. कुंभेरीत रोज सकाळी एक गाठ सुटायची, दोरी सरळ झाली की निघायचं. गावात मोबाइल आले होते, तरी दोरी चालू होती. फोनला रेंज लागते, दोरीला नाही, असं सगुणाचे सासरे धुळाजी म्हणत.

त्या साली दोरी सगुणाकडे दिली होती. लग्नाला वर्ष झालं होतं, ती माहेरी कुंभेरीला निघाली होती. "सात गाठी हायेत पोरी," धुळाजी म्हणाले होते. "वाटंत मुक्काम पडला तर रोज एक सोड."

दरीत तिची मैत्रीण जनी म्हशी घेऊन उतरली होती. एकच रात्र म्हणून सगुणा तिच्या झोपडीत थांबली. मग दुसरी. सासरच्यांना वाटत होतं ती माहेरी आहे, माहेरी कुणाला ती येणार हे माहीत नव्हतं. दोन दिवस ती कुणाचीही नव्हती. दोघी डोहात पोहल्या, खेकडे भाजून खाल्ले, मोठ्याने गाणी म्हटली. तिसऱ्या दिवशी ती कुंभेरीला पोचली आणि दोरी बिरूदादाच्या हातात दिली. सात गाठींची.

तृतीयेला धनवडीची माणसं खिंडीत गेली, दुपारपर्यंत वाट बघून, जेवून उतरली. पंचमीला कुंभेरीची माणसं चढली, तर तिथे विझलेली चूल आणि उष्ट्या पत्रावळी. आपल्याला टाळून जेवले, असं धरून ती पायऱ्यांना हात न लावता परतली. मग पंधरा दिवसांनी धुळाजी, काय चुकलं ते विचारायला, एकटेच कुंभेरीकडे निघाले. खिंडीपलीकडची तिसरी पायरी पावसाने आतून पोकळ झाली होती.

सगुणाला गाठी आठवल्या त्या प्रेत अंगणात आलं तेव्हा. त्या दिवशी ती बोलली नाही. तेराव्यानंतर बोलू, असं मनाशी म्हणाली. मग दिवाळीनंतर. मग मुलगा झाला, आई गेली, मुलगा पुण्याला गेला. दर तृतीयेला ती सरपणाच्या निमित्ताने कोयता घेऊन निघे, आपली बाजू साफ करी, खिंडीत दगड ठेवी आणि परत येई. पलीकडच्या पायऱ्यांकडे तिने कधी बघितलं नाही. बघितलं असतं तर केव्हाच कळलं असतं की त्या बसवलेल्या आहेत.

"मावशी? पुसू का?"

"थांब," सगुणा म्हणाली. "पंचमी होऊन जाऊ दे."

तृतीयेला ती गेली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. दिवसभर तिने घर सारवलं, सारवलेलं पुन्हा सारवलं. कोंडिबा मात्र कोयता आणि भाकरी घेऊन पहाटेच पाणवठ्यावर जाऊन बसला होता. चोर धरायला. दुपारी उन्हाने लाल होऊन परत आला.

"कुनी आलं न्हाई. भ्यालं असंल."

"असंल," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे ताक ठेवलं.

चतुर्थीला संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. ती बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली.

"अवो. ज्याला धरायचंय त्यो उद्या येनार."

कोंडिबाने मान वळवली. "तुला कुनी सांगितलं? त्या करंदीकरबाईनं?"

"चला माज्यासंगं. दावते."

पंचमीला उजाडताना दोघं निघाली. सुरुवातीला कोंडिबा पुढे होता. पाणवठ्याच्या वर कारवीत शिरल्यावर तो तीनदा थांबला, दोनदा चुकीच्या बाजूला वळला. तिसऱ्यांदा सगुणा काही न बोलता त्याच्या पुढे गेली. जिथे दगड डगमगत होता तिथे तिने न बघता पाय पलीकडे टाकला. जिथे फांदी आडवी होती तिथे आधीच वाकली. कोंडिबा मागून तिची पावलं बघत होता. उजवं जरा हलकं पडत होतं.

अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"सगुणे."

ती थांबली. वळली नाही.

"सरपन एवढं लांबून आनतीस व्हय दरसाल?"

"व्हय."

"आन् आनलेलं सरपन नेहमी थोडंच. मी म्हनायचो, म्हातारी झाली बायकू." तो हसला नाही. मग तो म्हणाला, "कोयता आन इकडं. तुजा गुडघा ऱ्हाऊ दे."

त्याने वाटेवर आलेली कारवी छाटायला सुरुवात केली. ती छाटलेलं बाजूला सारत गेली. काम करताना कोंडिबाला प्रश्न विचारता येत नसत, हे तिला संसाराच्या सव्वीस वर्षांत समजलेलं होतं. हेही ठाऊक होतं की काम संपलं की तो विचारील.

खिंडीत वारा होता. मधोमध दगडांचा ढीग, कमरेएवढा. कोंडिबा इथे बाप गेल्यानंतर आला नव्हता. त्याने ढिगाभोवती एक चक्कर मारली, पलीकडच्या कडेला गेला आणि खाली वाकून बघितलं. पहिली पायरी. दुसरी. तिसरी पायरी नव्या, घडवून बसवलेल्या दगडाची होती, खाली दोन पाचरी ठोकलेल्या. त्याने पाय टाकून बघितला. हलली नाही. मग तो तिथेच बसला, पायरीवर हात ठेवून.

"चांगली बसवलीया," तो म्हणाला. स्वतःशीच.

खालच्या झाडीतून आवाज आला. टक्. टक्. कोयत्याचा. मग दगडावर दगड घासल्याचा आणि माणसाच्या कण्हण्याचा, ओझं उचलताना निघतो तसा. कोंडिबा ताडकन उठला. खालून डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दगड घेतलेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस टाच टेकवत वर येत होता. त्याने वर बघितलं, कोंडिबाला ओळखलं आणि जिथल्या तिथे उभा राहिला. दगड डोक्यावरच होता.

"बिरू," कोंडिबा म्हणाला.

"दाजी."

पंचवीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"आज का येतोस?" कोंडिबाने विचारलं. आवाजात राग होता, पण पाय ठेवायला जागा न सापडलेला. "वायदा तृतीयेचा व्हता. आज का?"

"दोरी सुटली त्या दिसाला येतो मी," बिरू म्हणाला. मान ताठ ठेवावी लागत होती, म्हणून आवाज घशातून येत होता. "मी मोजून सोडल्या व्हत्या गाठी. सात. रोज एक. आमी वेळंवरच आलो व्हतो दाजी. तुमीच थांबला न्हाई. पन रागात पायऱ्या तशाच सोडल्या, त्यो गुन्हा आमचा. धुळाजीमामा त्याच्यात गेले. म्हनून येतो."

कोंडिबा बोटांवर काहीतरी मोजू लागला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्याने हात खाली सोडले. हिशेब लागत नव्हता.

सगुणाला दोघंही दिसत होते. एक बाप गमावलेला, एक त्याच्या मरणाचं ओझं दरसाल डोक्यावर चढवणारा. दोघांच्याही मोजणीत चूक नव्हती. आत्ता गप्प राहिलं तरी चालणार होतं. दोघं भेटले होते, थोड्या वेळाने बसले असते, बोलले असते, अंगठाही कदाचित मिळाला असता. आणि बिरूदादा पुढच्या पंचमीला पुन्हा दगड घेऊन चढला असता.

ती ढिगाला वळसा घालून पुढे आली, दोघांच्या मधे उभी राहिली.

"दादा, त्यो दगड उतरव खाली," ती म्हणाली. "तुजा न्हाई त्यो. दोरी मी दोन दिवस उशिरा आनली. जनीच्या झोपडीत ऱ्हायले, खेळत बसले आन् गाठी सोडायच्या इसरले. तुमची दोघांचीबी चूक न्हवती. माजी व्हती."